पेत्राच्या चढावरचे गुरुवार

४ फेब्रुवारी

ही दैनंदिनी लिहायचं कारण सरळ आहे. एक तारखेपासून पेत्राला जाणारी बस बंद झाली आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला मोटारसायकल शिकावी लागते आहे. एकदा केलेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून लिहिणार. मन मोकळं करण्यासाठी नाही.

बंदरावर माझं औषधांचं दुकान आहे. बेटावर दुसरं नाही. पेत्रा वर डोंगरात, आणि तिथे आता बहुतेक म्हातारी माणसंच उरली आहेत. दर गुरुवारी बसचा ड्रायव्हर त्यांची औषधं वर पोचवायचा. बाकीच्यांचं एखादा दिवस मागेपुढे झालं तरी चालतं, मारुसो मावशींचं चालत नाही. त्यांना इन्सुलिन लागतं. त्यांचा फ्रीज मनात येईल तेव्हा चालतो, म्हणून मी एका आठवड्यापुरतंच देते. मावशी त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, आणि दोन शेळ्या पाळतात.

काल त्यांच्या मुलाचा, निकिफोरोसचा, पिरेअस शहरातून फोन आला.

"बाई, बस गेली. आता आईला मी इकडे घेऊन येतो."

"त्यांनी यायचं म्हटलंय का?"

"तिचं काय विचारता? ती शेळ्या सोडून जगात कुठे जायची नाही. पण औषध कोण नेणार?"

"मी नेईन."

तो म्हणाला, "ठीक आहे. ऑगस्टमधल्या चर्चच्या माउलीच्या सणापर्यंत बघतो. एक जरी गुरुवार चुकला, तर आई माझ्याबरोबर बोटीत बसेल. चौथ्या मजल्यावरचं घर आहे, लिफ्ट आहे, तिला काही त्रास नाही."

चौथ्या मजल्यावर मारुसो मावशी काय करतील याची मला कल्पना करता येत नाही. आज सकाळी आमच्या पाद्रींची, पापा-थोमासची, जुनी पापाकी विकत घेतली. पन्नास सीसीची, क्लच नसलेली छोटी गाडी. बेटावर घरटी एक असते. ही चालवायला माझा मोटारीचा परवाना पुरतो. पापा-थोमासने आता चारचाकी घेतली आहे. त्याने गाडीवर पाणी शिंपडलं, दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थू थू थू केलं आणि म्हणाला, "लाभू दे, कालिरोई. मला हिने कधी पाडलं नाही."

९ फेब्रुवारी

गुरुवारी पान्देलीसने आपल्या पिकअपमधून वर नेलं. पेट्रोल पंप त्याचाच, आणि बोटींची इंजिनं, पंखे, मिक्सर, पापाक्या सगळं तोच दुरुस्त करतो. दर आठवड्याला नेणं जमणार नाही असं त्याने आधीच सांगितलं. ते योग्यच आहे.

आज त्याच्याकडे शिकले. डाव्या पायाने गिअर. पुढे दाबला की वरचा, टाचेने दाबला की खालचा. मी पहिला समजून तिसरा टाकला आणि गाडी बंद पडली. मग पहिला टाकला, मूठ जास्त पिळली, आणि कॉफीच्या दुकानासमोर एका रिकाम्या खुर्चीला घेऊन पडले. गुडघा खरचटला. आतून कोणी तरी विचारलं, "बाई, खुर्चीला मलम कोणतं लावू?" मी वळून पाहिलं तेव्हा सगळे पत्ते पाहण्यात गर्क होते.

पान्देलीस म्हणाला, "हेल्मेट कोपरात अडकवा, बाई. बेटावर सगळे तसंच करतात."

"माझा मेंदू कोपरात नाही," मी म्हटलं आणि ते डोक्यावर घातलं.

मला हे जमेल का, याची शंका आहे. ती इथे नोंदवून ठेवते.

१४ फेब्रुवारी

जमलं. एकटीने वर गेले, बहुतेक वाट पहिल्या गिअरमध्ये. बंदर सोडल्यावर गाडी धापा टाकून थांबली. किक मारमारून पाय दुखला, तेव्हा आठवलं की पेट्रोलचा नळ उघडायचा असतो. पुढच्या वेळी निघण्याआधी: नळ, हवा, ब्रेक, तेल, याच क्रमाने.

मारुसो मावशी कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "लांबून वाटलं पापा-थोमास आला. मग म्हटलं, याची दाढी कुठे गेली."

चमच्याने खायचा, बर्गमोट लिंबाचा मुरांबा दिला. इन्सुलिन शेळ्यांपासून दूर ठेवा असं बजावलं. निघताना म्हणाल्या, "पोरी, पुढच्या वेळी कापूस आण एक पुडा. संपलाय." आधी का नाही सांगितलं? बसवाल्याला कधी काही सांगत नव्हत्या.

२८ फेब्रुवारी

सकाळी गाडी सुरू होईना. पान्देलीस बोटीवर कामाला गेला होता, म्हणून प्लग मीच काढला. काजळीने काळा झाला होता. दुकानातल्या दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला, बारीक सँडपेपर फिरवला, परत बसवला. दुसऱ्याच किकला इंजिन बोललं. दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या काळ्या हातांनी दिल्या. त्या दोघींनी हातांकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

मावशींना या वेळी बँडेज हवं होतं. कोणाला लागलंय विचारलं, तर म्हणाल्या, "लागेल की कोणाला तरी."

१८ मार्च

चर्चच्या मोठ्या उपासाचा पहिला सोमवार. रीतीप्रमाणे सगळं गाव पतंग घेऊन टेकडीवर. मीही गेले, गाडीवरच. चेन उंदरासारखी चूं चूं करत होती. पापा-थोमासने पतंगाचा दोरा एका हातात धरून कान लावला.

"हिला तेल पाज. मी दर शनिवारी चर्चच्या दिव्याचं तेल उरलं की घालायचो. ऑलिव्हचं. देवाचं तेल, देवाची गाडी."

पान्देलीसनेही मान हलवली. "आम्ही सगळे तेच घालतो, बाई. नव्या घाण्याचं असेल तर अजून बरं."

माझ्या झाडांचं तेल भरपूर पडून आहे. घरी आल्यावर चेनवर सढळ हाताने ओतलं. आवाज जागच्या जागी बंद झाला. इतक्या साध्या उपायावर पान्देलीस पैसे घेत नाही हे त्याचं मोठेपण.

४ एप्रिल

आता दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तेल घालते. गाडी मांजरासारखी घुरघुरते. वळणं पाठ झाली आहेत. चर्चच्या खालच्या वळणावर दुसऱ्यावरून पहिल्यात यायचं, आणि ते वळणाच्या आधी, वळणात नाही.

मारुसो मावशींच्या कानात दुखत होतं म्हणून त्यांनी आत कोमट ऑलिव्ह तेल ओतलं होतं. मी चांगलंच फैलावर घेतलं. "हे तेल कोशिंबिरीसाठी असतं. कानात गेलं की मळ धरून ठेवतं, धूळ चिकटते, आणि त्याचा घट्ट बोळा होतो. सबंध बेटाला हे सांगून सांगून मी थकले."

"बरं बाई. माझी आई घालायची."

"तुमच्या आईच्या वेळी मी नव्हते."

त्या ऐकून घेतात, मग खदखदून हसतात. पुन्हा कापसाचा पुडा मागितला. मी म्हटलं, "फेब्रुवारीतच तर दिला." त्या म्हणाल्या, "म्हातारपण, पोरी. कापूस कुठे जातो कळत नाही." विसरभोळेपणा वाढतोय. लक्ष ठेवायला हवं.

२५ एप्रिल

चेन तुटली.

चर्चच्या खालच्या वळणावर खट् असा आवाज झाला आणि मूठ पिळली तरी गाडी जागची हलेना. मागे पाहिलं तर चेन रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडली होती. गाडी भिंतीला टेकवली, थंड पेटी खांद्याला लावली आणि चालत निघाले. आपली ताकद किती आहे ते चढावरच समजतं.

मावशींच्या दारात पोचले तेव्हा मला बोलवत नव्हतं, आणि नेमका त्यांचा फोन वाजत होता. निकिफोरोस होता. दर गुरुवारी तो या वेळेला औषध आलं का विचारतो.

मावशी फोनमध्ये म्हणाल्या, "आली ना. कधीचीच आली. आम्ही कॉफी पितोय." मला हाताने खाली बस अशी खूण केली आणि पुढे म्हणाल्या, "घाई? छे, ती कसली घाईत. निवांत बसलीय."

मी धापा टाकत होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, "मावशी, हे खोटं होतं."

"कॉफी ठेवतेच आहे," त्या म्हणाल्या.

मला हा प्रकार आवडलेला नाही. इन्सुलिन उशिरा का होईना, गुरुवारीच पोचलं. पण असंच होत राहिलं तर निकिफोरोसचं म्हणणं बरोबर ठरेल. आज पहिल्यांदा वाटलं की तो बरोबर आहे. पन्नास सीसीच्या एका चेनवर एका बाईचं घर टांगून ठेवणं शहाणपणाचं नाही.

२६ एप्रिल

पान्देलीसने गाडी पिकअपमध्ये घालून खाली आणली. तुटलेल्या जागी नवी कडी घालून देतो म्हणाला. वर आणखी सांगितलं, "तेल कमी पडलं असणार, बाई. जास्त घालत जा."

"याच्याहून जास्त घातलं तर तळता येईल," मी म्हटलं.

चेन घरी आणली. बोटांनी कड्या वाकवून बघितल्या तर अर्ध्या वाकेचनात. मधे पिवळट, चिकट गोळा होता. त्याला खवट वास, आणि त्यात रस्त्याची बारीक रेती. नखाने काढून प्रकाशात धरला. मग टेबलाशी बसले आणि बराच वेळ हसू आवरेना. धूळ चिकटते आणि घट्ट बोळा होतो. मीच सांगितलं होतं, तेही याच महिन्यात, मावशींच्या स्वयंपाकघरात उभी राहून. त्यांच्या कानाला मज्जाव, आणि माझ्या चेनला आठवड्यातून दोनदा पाजत होते.

खाद्यतेल हवा लागून खवट होतं, चिवट होतं, आणि हे मला सॅलोनिकातल्या कॉलेजात औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. इंजिनाचं तेल तसं होत नाही. पापा-थोमासने चेनचं झाकणही खडखडतं म्हणून कधीच काढून टाकलं होतं, त्यामुळे रस्त्यावरची सगळी धूळ थेट तेलात. प्रत्येक कडी रेतीत घासून झिजली.

दुकानातल्या पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये रॉकेल ओतलं आणि चेन बुडवली. ब्रशने कडी न् कडी घासली, फडक्याने पुसली, रात्रभर वाळत टाकली.

२७ एप्रिल

बोटीच्या इंजिन खोलीतून घट्ट गिअर तेल मिळालं. चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एकेक थेंब, मग वरचं जादा पुसून टाकलं. नवी कडी घातली. मधोमध बोटाने दाबली की चेन दोन बोटं खाली जायला हवी, त्याहून ढिली नको आणि ताणलेलीही नको. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक थोडं मागे ओढलं. दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं, नाही तर चाक तिरकं धावतं.

हे पान्देलीसला सांगायला गेले. पापा-थोमास पंपावरच होता.

"म्हणजे वीस वर्षं मी..." पाद्री म्हणाला.

"वीस वर्षं तुम्ही गाडीला कोशिंबीर घातलीत," मी म्हटलं.

पान्देलीस उठला, स्वतःच्या पापाकीपाशी वाकला आणि चेनच्या कड्या बोटांनी हलवून पाहू लागला. बराच वेळ वर आला नाही. मग म्हणाला, "बाई, तुमचा तो ट्रे कधी रिकामा होईल?"

८ जून

दुकानाच्या दारावर पाटी लावली: ऑलिव्ह तेल कानात नको, भाजलेल्यावर नको, चेनला नको. खाली कोणी तरी पेन्सिलीने लिहिलं, "नवऱ्याला चालेल?" मी खोडून टाकलं नाही.

आज सकाळी दुकानासमोर पापाक्यांची रांग होती. मासेमार, पाणीवाला, शाळेचा शिपाई. प्रत्येकाला मी चेन काढायला लावली आणि स्वतःच घासायला लावली. पाणीवाला कुरकुरला, "बाई, मी गोळी घ्यायला आलो होतो."

"गोळी मिळेल. आधी ही बाजू घासा. या फटीत अजून काळं आहे."

शेवटी सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी अंजिरांची टोपली ठेवली. मी रांगेला शिस्त लावली म्हणून असेल.

१८ जुलै

मागचा ब्रेक घासायला लागला. ड्रम उघडून साफ केला आणि ब्रेक-शू बदलले. हे काम पान्देलीसने हात न लावता फक्त पाहिलं आणि म्हणाला, "आता मी पंप बंद करून गावी जावं म्हणतो."

"तुम्ही याच गावचे," मी म्हटलं.

मेल्तेमी, उन्हाळ्यातला उत्तरेचा जोरदार वारा, सुरू झाला आहे. उघड्या वळणांवर गाडी एका बाजूला ढकलली जाते. वारा येतो त्या बाजूला थोडं झुकायचं, मूठ घट्ट आवळायची नाही. पेत्रातल्या सगळ्या म्हाताऱ्या आता काही ना काही मागवतात. एकीला चिकटपट्टी, एकीला खोकल्याचं औषध. आख्ख्या गावात कोणाला खोकला नाही.

१३ ऑगस्ट

निकिफोरोस आला. भाड्याची गाडी घेऊन दुकानापाशी थांबला. जाड, घामेजलेला, पण आवाज आईसारखा. माझी पापाकी पाहिली.

"हे खेळणं घेऊन तुम्ही वर जाता?"

"दर गुरुवारी."

"बाई, खरं सांगतो, तुम्ही खूप केलंत. पण हिवाळ्यात काय? आईला एक सूटकेस आधीच पाठवून ठेवलीय. सणाच्या दिवशी संध्याकाळच्या बोटीने न्यायचा विचार आहे. तरी शब्द दिलाय, गुरुवार चुकला नाही तर नेणार नाही. पण परवा रस्ता किती भरतो ते तुम्हाला माहीत आहे. चर्चच्या खालपासून दोन्ही बाजूंना गाड्या. वर कोणी पोचत नाही."

"परवा गुरुवार आहे," मी म्हटलं.

१४ ऑगस्ट

प्लग साफ केला. चेन धुतली, एकेक थेंब तेल, जादा पुसलं. चेन दोन बोटं. हवा बघितली. ब्रेक दोन्ही. पेट्रोल भरून आणलं. सकाळी आलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवलं. दुसरं काही करण्यासारखं नाही. तरी पुन्हा एकदा चेन बघून आले.

१५ ऑगस्ट

माउलीचा सण. लवकर निघाले, आणि तरीही चर्चच्या खालच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. दोन्ही बाजूंच्या आरशांमध्ये एका गाढवापुरती जागा. मी इंजिन हळू ठेवून त्यातून शिरले.

तिथेच निकिफोरोस भेटला. पहाटे बोटीची दोन तिकिटं काढायला खाली आला होता. परतताना त्याची मोटार यात्रेकरूंच्या एका बसच्या आणि कोकरं भरलेल्या एका पिकअपच्या मधे अडकली होती. तो बाहेर उभा राहून रुमालाने मान पुसत होता.

"बाई, थांबा. तुम्हीही अडकणार. वर अजून वाईट आहे."

"बसा," मी म्हटलं.

"कुठे?"

माझ्या गाडीमागे बांधलेला क्रेट सोडून त्याच्या मोटारीत टाकला. कॅरिअरवर माझ्या सीटवरची उशी ठेवली. थंड पेटी त्याच्या मांडीवर दिली.

"पन्नास सीसी आणि मी? ही बसेल हो."

"ती बसणार नाही. तुम्ही बसा. पेटी सरळ धरा, आणि वळताना माझ्याबरोबर झुका, उलट नाही."

पहिला गिअर. गाडीने एकदा श्वास घेतला आणि आम्हा दोघांना उचललं. दोन्ही बाजूंच्या मोटारींच्या खिडक्यांतून माणसं डोकं बाहेर काढून पाहत होती. कोणी तरी ओरडलं, "बाई, त्याला कोणतं औषध दिलंय?" मी हॉर्न दिला.

एप्रिलमध्ये चेन तुटली होती त्या वळणापाशी आलो. चढ तिथे सगळ्यात जास्त आहे. निकिफोरोस कानाशी म्हणाला, "उतरू का?"

"नाही."

चेनचा आवाज ऐकत होते. आवाज नव्हता. वळण पार झालं.

वर सरळ रस्ता लागल्यावर तो म्हणाला, "एप्रिलमध्ये एक गुरुवार होता. तुम्ही चालत आला होतात ना?"

"हो. चेन तुटली होती."

"आई म्हणाली कॉफी पिताय. पण फोनवर तुमची धाप ऐकू येत होती." मग म्हणाला, "त्या दिवशीच बोट धरून आईला न्यायचं मनात होतं. मग म्हटलं, चालत आलीय ना बाई. राहू दे."

मी गिअर बदलला.

मारुसो मावशी कुंपणाशी उभ्या होत्या, सणाचं काळं पोलकं घालून. मुलाला माझ्या मागे पेटी सांभाळत बसलेला पाहून त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी कुंपण धरलं. निकिफोरोसने खिशातून दोन तिकिटं काढली आणि त्यातलं एक त्यांच्या हातात ठेवलं. म्हणाला, "फाड, आई. मी एकटाच जातो. पण हिवाळ्यात रोज एकदा तरी फोन उचल." त्यांनी ते फाडलं नाही. चूल पेटवायला ठेवते म्हणाल्या.

मग आत जाऊन त्याची सूटकेस बाहेर आणली. जड होती. त्याला वाटलं कपडे भरले आहेत. उघडली तर चीज. सबंध उन्हाळ्याचं.

आणखी एक कापडी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाल्या, "ही तुझी, पोरी. आता ठेवायला जागा नाही." आत काय होतं ते खाली लिहिते. एवढं सगळं मागवलं कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "इन्सुलिन काय, एका मिनिटात दिलं जातं. मग तू लगेच निघाली असतीस." हे उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं. औषधं साठवण्याची सवय म्हाताऱ्या माणसांना असतेच, आणि परत आलेली औषधं नियमाप्रमाणे मला पुन्हा विकता येत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कॉफी ठेवली. संध्याकाळ होईपर्यंत थांबले.

आजची देवाणघेवाण:

मारुसो मावशींना दिलं: इन्सुलिन, एका आठवड्याचं, थंड, वेळेवर.

निकिफोरोसला मिळालं: सूटकेस, चीजने भरलेली. खाली त्याच्या मोटारीपर्यंत मी गाडीच्या मागे बांधून नेली. गाडीने तक्रार केली नाही.

मारुसो मावशींकडून मला परत मिळालं: कापसाचे पुडे, बँडेज, चिकटपट्टी, अ‍ॅस्पिरिन, खोकल्याचं औषध, भाजल्यावरचं मलम. फेब्रुवारीपासूनचं सगळं. एकही उघडलेलं नाही.

पुढच्या गुरुवारसाठी त्यांची मागणी: कापूस, एक पुडा.